येशूबद्दल कुणी विचारलं तर काय, किती आणि कुठं सांगावं?

मांजराकाठ

सर्वांना सलाम. लातूरला खासगी शिकवणी वर्गात कामाला आहे. स्टाफमध्ये मी एकटाच ख्रिस्ती. चहाच्या टपरीवर प्रश्न ठरलेले असतात: "तुमच्यात नेमकं काय करतात?", "महिन्याला किती मिळतात?", "नाताळ म्हणजे तुमची दिवाळी का?" कधी थट्टेत, कधी खरंच जाणून घ्यायला. अशा वेळी एकतर हसून विषय बदलला जातो, नाहीतर पाळकसाहेबांचा अर्धा उपदेश तोंडातून बाहेर पडतो आणि समोरचा चहाचे पैसे द्यायला उठतो.

दोन-तीन मिनिटांत सांगायचं झालं तर काय सांगावं? व्हॉट्सॲपवर बायबलमधली वचनं टाकावीत का? वर्गातली पोरं विचारतात, त्यांना उत्तर द्यावं का? कुणाच्या घरी आजारपण असलं तर 'प्रार्थना करू का' म्हणणं बरं दिसतं का? आणि धर्मांतर हा शब्द निघाला की सगळेच बिचकतात, तर कायद्यानं मोकळीक किती आहे? "प्रार्थना करा, देव बोलायला लावील" एवढं सोडून काहीही सांगा. ते दर रविवारी ऐकतोच.

गोदाकाठ

आधी थट्टेचा प्रश्न आणि खरा प्रश्न वेगळे करा. चारचौघांत हसत आलेल्या प्रश्नाला एका वाक्याचं, हसरंच उत्तर. "किती मिळतात?" याला "मिळत काही नाही, उलट कमाईचा दशांश चर्चला द्यावा लागतो" एवढं पुरतं. खरा प्रश्न बहुधा माणूस एकटा असताना येतो, गाडीवर मागं बसलेला असताना किंवा घरात काही बिनसलेलं असताना. तिथं घाई करू नका आणि टाळूही नका.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटलंय ते "विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला", आणि लगेच पुढं सौम्यतेनं व भीडस्तपणानं. म्हणजे आधी विचारपूस, मग उत्तर. आपल्याकडं बरेच उत्साही लोक विचारपूस व्हायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतात.

दोन मिनिटांचं उत्तर आधी लिहून काढा. सावकाश मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे वहीचं एक पान. त्यात तीनच गोष्टी बसतात: तुमच्या जगण्यात कोणता प्रश्न होता, येशूचं कोणतं बोलणं किंवा कोणती कृती तिथं येऊन भिडली, आणि आज रोजच्या वागण्यात त्यानं काय फरक पडतो. मग ते पान मोठ्यानं वाचा आणि चर्चची पायरी न चढलेल्या माणसाला कळणार नाही असा प्रत्येक शब्द खोडा. 'अभिषेक', 'कोकऱ्याचं रक्त', 'आत्म्याची भरणी', 'तारणप्राप्ती' हे शब्द आपसात ठीक आहेत. टपरीवर त्यांचा नुसता आवाज होतो.

फरक सांगताना फुगवू नका. "येशूला मानलं आणि बोअरला पाणी लागलं" ही साक्ष मराठवाड्यात फार ऐकू येते. दोन उन्हाळ्यांनी तो बोअर आटतो आणि ऐकणारा हिशेब विचारायला येतो. उलट "भावाशी वाटणीवरून बंद झालेलं बोलणं मी आपणहून सुरू केलं" हे छोटं वाटतं, पण ते शेजाऱ्याला डोळ्यांनी दिसतं.

येशूची एखादी गोष्ट सांगायची तर माणूस बघून निवडा. मजुरी करणाऱ्याला मत्तय २०, म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय. मालक पहाटे नाक्यावरून मजूर नेतो, नंतर पुन्हा पुन्हा जातो, शेवटी दिवस मावळायला तासभर राहिलेला असताना उरलेल्यांनाही नेतो आणि सगळ्यांना सारखी मजुरी देतो. इथं ऐकणारा चिडतो, आणि चिडायलाच हवं, "असं कसं?" तो म्हणाला की गोष्ट लागली. कर्जानं पिचलेल्याला मत्तय १८. चाकराला दहा हजार तालंतांचं कर्ज माफ होतं आणि तोच शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दुसरं शंभर दिवसांचं. हा हिशेब सांगितला की वेगळा उपदेश लागत नाही.

लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांनाच पोचते. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे आपल्या गावांत समजावून सांगावं लागत नाही. पण बहुतेक जण धाकटा घरी आला, मेजवानी झाली, इथंच थांबतात. थोरला शेतातून आलाय आणि रागानं बाहेर उभा आहे, बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो आणि थोरला शेवटी आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही. घरात राबून, आईबापांना सांभाळून मनात कडू झालेली थोरली भावंडं इथं खेड्यापाड्यांत खूप आहेत. त्यांची गोष्ट ती आहे.

नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. नाव बदलावं लागतं का? नाही. अमुकच खावं लागतं का? नाही, नव्या करारात खाण्यावरून कुणाला जवळ किंवा दूर केलेलं नाही. शाकाहारी माणूस शाकाहारीच राहू शकतो. मंगळसूत्र काढावं लागतं का? नाही, मराठी ख्रिस्ती बायका घालतात. कुंकवाबद्दल चर्चच्या मंडळ्यांमध्येच एकमत नाही, तेव्हा "आमच्याकडं असं आहे" एवढंच सांगा.

"इंग्रजांनी आणलेला धर्म" याला चिडू नका, तारखा सांगा. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ चं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीचं. ते स्वतः इंग्रज होते हेही प्रामाणिकपणे सांगा, पण तेव्हा इथं इंग्रजांचं राज्य नव्हतं. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले मराठी ब्राह्मण. एवढं सांगून थांबा. वाद जिंकून माणूस तुटला तर हाती काय आलं?

पौलानं अथेन्समध्ये भाषण केलं (प्रेषितांची कृत्ये १७), तेव्हा काहींनी टर उडवली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला. पौलालाही तीन तऱ्हेचे ऐकणारे मिळाले. आपल्याला एकाच तऱ्हेचे मिळतील ही अपेक्षा काढून टाका.

फळा_खडू

पोरांचं वेगळं लिहितो, कारण वरच्या उत्तरात ते राहिलं. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याशी वर्गात, शंकानिरसनाच्या तासात, हॉस्टेलवर किंवा खासगी मेसेजवर विश्वासाची चर्चा करू नका. पोरानं विचारलं तरी नको. तुमच्या हातात त्याचे मार्क, त्याच्या बापानं भरलेली फी आणि 'सर' हा शब्द आहे. तो मोकळेपणी नाही म्हणू शकत नाही. "मी ख्रिस्ती आहे, नाताळ साजरा करतो, बाकी घरी आईवडिलांना विचार" इतकं उत्तर पुरे. पालक स्वतः येऊन विचारतील तर त्यांच्याशी बोला, वर्गाबाहेर.

विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वचन, नाताळचं प्रवचन, काहीही नको. "मेरी ख्रिसमस" चालेल, कारण तिथं "दिवाळीच्या शुभेच्छा" आणि "ईद मुबारक"ही येतात.

स्वतःच्या स्टेटसवर टाकायला हरकत नाही. ते बघायचं की नाही हे बघणारा ठरवतो आणि चोवीस तासांनी जातं. पण रोज सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोवर वचन आलं की लोक तुमचं स्टेटस म्यूट करतात, आणि मग महत्त्वाचं काही टाकलं तरी दिसत नाही. आठवड्यातून एखादं, तेही दोन ओळींचं आणि स्वतःच्या शब्दांत. फॉरवर्ड अजिबात नको. आणि कुणाचा बाप्तिस्मा, घरातली प्रार्थना, नव्यानं येणाऱ्या माणसाचा चेहरा, यांचे फोटो-व्हिडिओ कुठंही टाकू नका. टाकणाऱ्याला लाइक मिळतात, त्या बाईला सासरी जाब द्यावा लागतो.

कोर्टकचेरी

संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हे तिन्ही हक्क आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हद्द आखून दिली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं म्हणजे प्रसार, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात नाही. टपरीवरचं बोलणं हद्दीच्या आत आहे. पैसा, नोकरी, शाळाप्रवेश, लग्नाचं आमिष, धाक किंवा लपवाछपवी आली की बाहेर. राज्यांचे धर्मस्वातंत्र्याचे कायदे वेगवेगळे आहेत आणि बदलत असतात; गोष्ट बाप्तिस्म्यापर्यंत गेली तर त्या वेळी महाराष्ट्रात काय लागू आहे, पूर्वसूचना लागते का, हे स्थानिक वकिलाकडून पक्कं करून घ्या.

दुसऱ्याच्या देवादिकांबद्दल बोलूच नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (जुनं २९५-अ) जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावण्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. कलम ३०२ (जुनं २९८) समोरासमोर बोललेल्या शब्दांनाही लागतं. हो, ३०२ म्हणजे आता खून नव्हे, नव्या संहितेत आकडे बदललेत. मूर्तीवरून टोमणा मारलेली तीस सेकंदांची क्लिप पुढं पाठवणारा माणूस प्रत्येक तालुक्याला असतो.

सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण अनुच्छेद २८ नंच बंद आहे. खासगी शिकवणी त्यात येत नाही, पण फळा_खडू यांचं म्हणणं कायदा नसला तरी नियम म्हणून पाळा. बाहेर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. घरातल्या प्रार्थनेचा आवाज घरातच राहिला पाहिजे. छोट्या पत्र्याच्या खोलीत साउंडबॉक्स लावायची हौस ही शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारींची जननी आहे, धर्माचा तिथं संबंधही नसतो. जमाव दारात आला तर वाद नाही, ढकलाढकली नाही. बायका-लेकरं आतल्या खोलीत, ११२ ला फोन, आणि शक्य तितक्या शांतपणे रेकॉर्डिंग.

आता जे मंडळीत बोललं जात नाही ते. अनुसूचित जातीचा माणूस बाप्तिस्मा घेणार असेल तर त्याला कागदांचे परिणाम आधी सांगणं हे सांगणाऱ्याचं कर्तव्य आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे राखीव जागेवरची नोकरी, राखीव वॉर्डातली उमेदवारी, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळ्यावर परिणाम. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत जागा आहे, पण त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर लागतं. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. "आतून ख्रिस्ती, कागदावर जुनंच राहू द्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २६ नोव्हेंबर २०२४ ला सेल्वराणी खटल्यात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचरण करणाऱ्या उमेदवाराला अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा तो सल्ला माणसाला खड्ड्यात घालणारा आहे.

जमिनीचंही बघा. धर्म बदलला म्हणून बापाच्या मिळकतीतला स्वतःचा हिस्सा जात नाही, १८५० चा कायदा तसं सांगतो. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीला वारस होत नाहीत. आणि हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण आहे. सातबारा आणि संसार या दोन्हींवर परिणाम होणारी गोष्ट एका सभेत हात वर करून ठरवायची नसते.

निळी_पहाट

जय भीम. मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. लिहावं की नको या विचारात होतो, पण तुम्ही मोकळेपणानं बोलताय म्हणून लिहितो.

आमच्या वस्तीत येणारे तुमचे लोक पहिलंच वाक्य म्हणतात: "देव तुमच्यावर प्रेम करतो." आमच्या घरात देव आहे की नाही हाच मुद्दा आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात ते वाक्य जमिनीलाच टेकत नाही. दुसरं, "तुम्ही अंधारात आहात." १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या आज्या-पणज्यांनी विचार करून पाऊल उचललं, त्याला अंधार म्हणणाऱ्याशी पुढं बोलायचं कशाला? तिसरं, बाबासाहेबांचं एखादं वाक्य मागचं-पुढचं तोडून पत्रकावर छापणं. असं करणाऱ्याचं पत्रक आम्ही घेतो आणि बाजूला ठेवतो.

तुमचा येशू कुष्ठरोग्याला हात लावतो ना? तिथून बोला. शिवाशिव ज्यांनी भोगली त्यांना ते लगेच कळतं, मान्य करोत न करोत. आणि आमचंही ऐका. धम्म म्हणजे काय हे विचारणारा ख्रिस्ती माणूस क्वचित भेटतो. चौदा एप्रिलला मिरवणुकीत पाणी वाटायला या, पत्रकं घरी ठेवून.

गोदाकाठ

निळी_पहाट, सलाम आणि आभार. कुष्ठरोग्याची गोष्ट मार्क १:४० ते ४५ मध्ये आहे. येशू त्याला बरं करून 'जा, याजकाला (पुरोहिताला) दाखव' म्हणतो, म्हणजे गावानं त्याला परत घ्यावं म्हणून कागदोपत्री सोयही बघतो. हे आम्ही वाचताना गाळतो. पत्रकं घरी ठेवायची सूचना आमच्या तरुण संघात वाचून दाखवण्यासारखी आहे.

एका ठिकाणी माझं वेगळं मत आहे. देवाबद्दलची आमची श्रद्धा आम्ही कधीतरी बोलूच, ती लपवून नुसती समाजसेवा दाखवली तर तीही फसवणूक होईल. पहिल्याच वाक्यात नको, एवढं शंभर टक्के कबूल.

पांढरा_कोट

आजारपणाबद्दल. घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डावॉर्डात फिरून प्रार्थना करणं बंद झालं पाहिजे. रुग्ण पलंगावर पडलेला असतो, उठून जाऊ शकत नाही, आणि शेजारच्या दहा खाटांना बळजबरीनं ऐकावं लागतं. ओळखीच्याच माणसाकडं, भेटीच्या वेळेत जा. आधी कामाचं विचारा: डबा हवा का, रक्तदाता हवा का, रात्री थांबायला कुणी आहे का, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जाऊ का. मग, वाटलं तर, रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकाला दोघांनाही विचारा: "मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी येशूच्या नावानं एक मिनिट प्रार्थना केली तर चालेल का?" येशूचं नाव आधीच सांगायचं, मध्येच नाही. "नको" आलं तर "बरं" म्हणा आणि डबा तरीही आणा.

प्रार्थना एक मिनिट, हळू आवाजात, डोळे उघडे ठेवून केली तरी चालते. डोक्यावर हात विचारल्याशिवाय नाही. तेल, रुमाल, पाण्याची बाटली काही नको. "बरे व्हालच" असं वचन द्यायचं नाही. "डॉक्टरांच्या हाताला यश दे, यांना धीर दे" असं मागा.

आणि गोळ्या. टीबीचं औषध साधारण सहा महिन्यांचं असतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, तेव्हाच कुणीतरी "प्रभूनं बरं केलं, आता कशाला" म्हणतो आणि औषधाला दाद न देणारा टीबी घेऊन माणूस परत येतो. फिटच्या गोळ्या, शुगर, बीपी, मानसिक आजाराच्या गोळ्या यांचं तेच. बंद करायचं डॉक्टर सांगतील. साप-विंचू चावला तर प्रार्थना गाडीत, गाडी दवाखान्याच्या दिशेनं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराचा दावा करून फसवणं आणि सर्पदंशाच्या रुग्णाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हे गुन्हे आहेत. ते सगळ्या धर्मांना सारखे लागू आहेत.

कर्जानं, नापिकीनं हबकलेला माणूस "जगून काय करू" म्हणाला तर बायबल उघडायच्या आधी त्याच्याजवळ बसा, कीटकनाशकाचा डबा घरात कुठं आहे ते घरच्यांकडून हलवून घ्या, आणि १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, त्याच्यासोबत फोन लावा. ज्या घरात असा मृत्यू झालाय तिथं स्वर्ग-नरकाचा विषय काढणाऱ्याला मंडळीनं परत कुठं पाठवू नये.

पेटी_तबला

नाताळचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शेजाऱ्यांना बोलवायची सगळ्यात मोकळी वेळ तीच. करंज्या-चिवडा वाटाच, सोबत पत्रिका नको. घरी फराळाला बोलवा आणि गव्हाणीचा देखावा करून ठेवा. लेकरं विचारतात, मोठे ऐकतात.

जमत असेल तर कीर्तन करा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आणि कृष्णराव सांगळे यांनी नगरकडं ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडून ठेवली आहे आणि आपण त्यावर कॅराओके लावून बसलोय. घाट नारदीय: नमन, मग पूर्वरंगात एका पदावर निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात एक आख्यान, शेवटी प्रार्थना. पेटी, तबला, झांज, एवढ्यावर भागतं. पूर्वी दोन तास चालायचं. आज पंचेचाळीस मिनिटं ठेवा, त्यातली पंधरा पूर्वरंगाला. आख्यान एकच घ्या. जन्म, वधस्तंभ आणि पुनरागमन एका रात्रीत बसवणाऱ्या बुवांचं कीर्तन रात्री साडेदहाला साउंड बंद करायला आलेल्या हवालदारासमोर संपतं.

दोन गोष्टी टाळा. तुकोबांच्या किंवा नाथांच्या अभंगात विठ्ठलाच्या जागी येशू घालून म्हणू नका. पैठण-आपेगावच्या मुलखात ते घरात घुसून फोटो बदलण्यासारखं आहे. टिळकांनी स्वतःचे अभंग रचले, ते म्हणा. आणि फलकावर नुसतं 'भव्य कीर्तन सोहळा' लिहून वारकऱ्यांना बोलावू नका. 'ख्रिस्ती कीर्तन, येशूजन्माचं आख्यान' असं ठळक लिहा. येणारे कमी येतील, पण शेवटपर्यंत बसतील.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, विशेषतः निळी_पहाट यांचे. एकच उरलं. स्टाफमधला एक जण म्हणतो, "तुमचं पुस्तक स्वतःच वाचून बघतो, कुठून सुरू करू?" आख्खं बायबल दिलं तर पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करून नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकेल. आणखी दोघं एकत्र बसून वाचायला तयार आहेत.

ओट्यावरची_शाळा

आख्खं देऊ नका. मार्कचं शुभवर्तमान सुटं मिळतं, खिशात मावतं, सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचलं तर सुमारे दीड तास. फोनवर वाचणारा असेल तर यूव्हर्जन ॲपमध्ये मराठी आहे. जुन्या धाटणीची मराठी जड वाटत असेल तर सोप्या भाषेतली आवृत्ती द्या, पण बैठकीत सगळ्यांकडं एकच आवृत्ती हवी, नाहीतर अर्धा वेळ शब्द जुळवण्यात जातो.

चार ते सहा माणसं, त्यात ख्रिस्ती निम्म्याहून कमी. पाच ख्रिस्ती आणि एक पाहुणा असं बसलं की त्याची वरातच निघते. जागा शक्यतो त्यांच्यापैकी कुणाचं घर, म्हणजे उठून जाणं आणि विषय थांबवणं त्यांच्या हातात राहतं. पंचेचाळीस मिनिटं, आठवड्याला दोन अध्याय, आठ आठवडे. उतारा एकानं मोठ्यानं वाचायचा, मग तीन प्रश्न: काय घडलं, येशू इथं कसा माणूस दिसतो, यातलं काय पटत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि ख्रिस्ती लोक तोच गाळतात. एकानंही पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग बोलायचं नाही, बोलावणाऱ्यानं तर दोनच. गाणी नकोत, दानाची थैली नको, शेवटी "आता निर्णय कोण घेणार" नको. चहा हवा.

वेळ बघून ठरवा. खेड्यात सोयाबीनच्या खळ्याला आणि कापूस वेचणीला कुणाला उसंत नसते, बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळा लागेपर्यंत. शुभ शुक्रवारच्या सात-आठ आठवडे आधी सुरू केलं तर अध्याय १४-१५ त्याच्या आसपास आणता येतात. तुमच्या शिकवणीवाल्यांचं मात्र 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा होईपर्यंत काही खरं नाही, तेव्हा मे उलटल्यावरच बसा.

काही जागी गाडी अडते, तयारी ठेवा. पाचव्या अध्यायात दोन हजार डुकरं बुडतात आणि शेतकऱ्याच्या घरातला पहिला प्रश्न "मालकाचं नुकसान कुणी भरलं?" हाच असतो. मजकुरात उत्तर नाही, ओढूनताणून देऊ नका. तिथंच गावकरी येशूला आमच्या हद्दीतून जा म्हणून विनवतात आणि तो निघून जातो, हेही वाचा. सातव्या अध्यायात परदेशी बाईला तो लेकरांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नाही असं म्हणतो. ते खटकतंच, खटकू द्या, आणि तिनं दिलेलं उत्तर सावकाश वाचा. तेरावा अध्याय पहिल्या फेरीत सोडला तरी चालेल, नाहीतर पुढचे तीन आठवडे जगबुडीवर जातात. सोळाव्यात नवव्या ओवीपासूनचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. हुशार वाचक तळटीप बघून विचारेल, तेव्हा तुम्हीच आधी सांगा.

मध्येच कुणी यायचा थांबला तर एक फोन करा, दुसरा नको. पुस्तिका त्याच्याकडंच राहू द्या. आणि तुमचा तो सहकारी एकट्यानंच वाचणार म्हणतोय तर त्याला एकट्यानं वाचू द्या, लगेच बैठकीत ओढू नका. प्रश्न पडले तर पेन्सिलीनं समासात खूण कर, एवढंच सांगून पुस्तिकेसोबत एक पेन्सिल द्या.